मनशक्ती कुठल्या खणात ठेवायची? फँटसी रोलप्लेइंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

परभणीत मे महिन्यात रात्री नऊ वाजले तरी गच्ची तापलेलीच असते. पाणी मारून, वर सतरंजी टाकून आम्ही पाच जण खेळायला बसलो होतो. गोष्ट साधी होती. घाटाखालच्या एका धर्मशाळेत व्यापाऱ्याचा खून झालाय, संशयित तिघं आणि उजाडायच्या आत खुनी शोधायचा. नर्सिंगला शिकणारी आमची एक मैत्रीण पहिल्यांदाच आली होती. तिचं पात्र मनकवडं. पहिल्या संशयितासमोर बसताच ती म्हणाली, “मी याच्या मनात बघते.” आणि लगेच मला विचारायला लागली, “मंत्र म्हणावा लागंल का? त्याला कळंल का? असं किती वेळा करता येतं? अन् तिथं कोपऱ्यात मांत्रिक बसलाय, तो मला अडवू शकतो का?”

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी म्हणालो, “बघ, दिसलं तुला.” दोन तासांचा खेळ दहा मिनिटांत संपला. बाकीचे तिघं फासे हातात धरून बसून राहिले.

तिचे चार प्रश्न मी वहीत लिहून ठेवले. मनशक्तीचं पात्र घेऊन कुणी नवीन खेळाडू आला की आजही मी तीच वही उघडतो. हा लेख त्या वहीवरूनच लिहितोय. खेळच नवीन असेल तर एवढं ध्यानात घ्या: एक जण जग सांगतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या जगात वावरतात आणि जिथे निकाल सांगता येत नाही तिथे फासा टाकतात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा यातला सगळ्यांत जुना छापील खेळ, 1974 सालचा.

आधी एक गैरसमज काढून टाका

नवीन माणूस जादूचे प्रकार करतो ते “काय करता येतं” यावरून. आग लावली की जादूगार, जखम बरी केली की पुजारी, मन वाचलं की मनशक्ती. ही वाटणी टेबलावर टिकत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये दुसऱ्याचे विचार ओळखायचा मंत्र दुसऱ्याच पातळीचा आहे (मंत्रांच्या पातळ्या एक ते नऊ, नववी सगळ्यांत भारी) आणि तो साधा पोथीवाला जादूगारही शिकतो. हात न लावता वस्तू हलवायचा मंत्र पाचव्या पातळीवर आहे. दूरचं बघणं, दुसऱ्याला ताब्यात घेणं, आठवण पुसणं, सगळं जादूगाराच्या पोथीत आहेच. मग मनशक्तीवाल्याचं वेगळं काय उरलं?

हा प्रश्न खेळ बनवणाऱ्यांनाही सुटलेला नाही. 1976 च्या एका पुरवणीत मनशक्ती पहिल्यांदा आली. 1978 च्या खेळाडूंच्या पुस्तकात ती मागे परिशिष्टात गेली. तिथे ती कुठल्या व्यवसायाला (योद्धा, चोर, जादूगार असा पात्राचा प्रकार) जोडलेली नव्हती, शंभराचा फासा टाकायचा आणि नशिबात असेल तर मिळायची. 1991 मध्ये तिला स्वतंत्र व्यवसाय मिळाला. 2010 मध्ये ती मंत्रविद्या, दैवी शक्ती, निसर्गशक्ती यांच्या बरोबरीचा एक उगम ठरली आणि गंमत म्हणजे मठात राहून अंगाची साधना करणारा मंक त्या वेळी याच घरात आणून बसवला. 2020 मध्ये परत वेगळं घर मोडलं. ही शक्ती योद्ध्याच्या, चोराच्या आणि जन्मजात जादूगाराच्या पोटशाखांत वाटून टाकली आणि 2024 च्या पुस्तकातही ती तशीच आहे.

म्हणजे ठरलेला खण कुठेच नाही. तुमच्या टेबलापुरता तो तुम्हीच ठरवायचा. त्यासाठी उगम, खूण, किंमत आणि तोड या चार गोष्टी बघायच्या.

पहिली पायरी: उगम विचारा

यासाठी मला सगळ्यांत उपयोगी पडलेली यादी कुठल्या खेळाच्या पुस्तकात नाही, पतंजलीच्या योगसूत्रात आहे. चौथ्या पादाच्या पहिल्याच सूत्रात सिद्धी मिळायच्या पाच वाटा सांगितल्यात: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. ही यादी मी पहिल्यांदा खेळाच्या वहीशेजारी ठेवली तेव्हा सगळे व्यवसाय आपापल्या जागी जाऊन बसले.

ज्याच्या रक्तातच जादू आहे तो सॉर्सरर म्हणजे जन्म. काढे आणि अर्क बनवणारा अल्केमिस्ट म्हणजे औषधी. पोथी घोकणारा विझार्ड म्हणजे मंत्र. व्रतं पाळून देवाकडून शक्ती मिळवणारा क्लेरिक मी तपाच्या खणात ठेवतो. त्यात थोडी ओढाताण होते, पण चालते. आणि ज्याने बाहेरचं काहीच घेतलं नाही, ना पोथी, ना देव, ना मुळी, फक्त चित्त एकाग्र करत गेला, तो समाधी. मनशक्तीचा खण हाच.

नवीन खेळाडूला मी एवढंच विचारतो: “तुझ्या पात्राकडची पोथी जाळली, देव रुसला, झोळी हिसकावली आणि त्याला अंधाऱ्या कोठडीत एकटं टाकलं, तर त्याची शक्ती उरते का?” उरते म्हणाला तर ती जन्मजात आहे किंवा मनाची. मग दुसरा प्रश्न, “कमवलीस की आपोआप आली?” कमावलेली असेल तर मनशक्ती. या दोन प्रश्नांत पात्राची अर्धी गोष्टही तयार होते. कुणाकडे शिकला, किती वर्षं, कशासाठी, हे तो स्वतःहून सांगायला लागतो.

इथे एक विनंती आहे. पैठण आपल्याकडचंच आणि ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवल्याची कथा आपण सगळे ऐकत मोठे झालो. तो चमत्कार कुठल्या खणात बसतो असा प्रश्न टेबलावर निघतोच. तो खेळात आणू नका. ज्यावर शेजारच्या घरातल्या माणसाची श्रद्धा आहे त्याला फाशाचे आकडे लावायचे नसतात. तुमच्या जगातला साधू तुम्ही स्वतः घडवा.

दुसरी पायरी: खूण ठरवा

“मंत्र म्हणावा लागंल का?” याचं उत्तर इथे मिळतं. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये मंत्राला तीन गोष्टी लागू शकतात: तोंडाने उच्चार, हाताची हालचाल आणि सामग्री. नवनाथांच्या कथा ज्याच्या घरी वाचल्या जातात त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मंत्र, मुद्रा आणि भस्माची चिमूट. विचार ओळखायच्या मंत्राला तर तिन्ही लागतात, सामग्री म्हणजे तांब्याचं एक नाणं.

आता विचार करा. भर दरबारात जादूगार नाणं काढून पुटपुटायला लागला तर पहारेकरी त्याचा हात धरतील. मनकवडा मात्र नुसता बसलेला असतो. हा फरक फार मोठा आहे आणि नवा डीएम नेमका इथेच फसतो, कारण जी शक्ती कुणालाच दिसत नाही ती दर पाच मिनिटांनी वापरली जाते.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2004 च्या नियमांत याला चांगला उपाय होता. मनशक्तीला मंत्र-मुद्रा लागत नसत, पण ती वापरताना काहीतरी जाणवायचं: कानात गुणगुण, एखादा वास, डोळ्यांत चमक, अंगावर ओल. मन लावून ती दाबता यायची, पण त्यासाठी फासा टाकावा लागायचा. मी हाच नियम वापरतो, फक्त खूण खेळाडूला स्वतः निवडायला लावतो. आमच्या नर्सिंगवाल्या मैत्रिणीने निवडलेली खूण मला अजून आठवते: ती मनात शिरली की समोरच्याला पहिल्या पावसाचा, तापलेल्या काळ्या मातीचा वास येतो. परभणीच्या गच्चीवर मे महिन्यात ते ऐकून सगळे एकदम गप्प झाले. पुढच्या खेळात एका कैद्याने नाक वर करून हुंगलं आणि मी काही बोलायच्या आतच तिने डोक्याला हात लावला.

पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाने 2015 मध्ये वेगळी वाट काढली. तिथे उच्चार आणि हालचालीच्या जागी विचार आणि भावना आल्या. म्हणजे तोंड बांधलं, हात बांधले तरी शक्ती चालते, पण पात्र भीतीच्या अमलाखाली असेल तर अडते. मला हा नियम फार आवडतो. जादूगाराला थांबवायला दोर लागतो, मनकवड्याला थांबवायला भीती पुरते. ही एक ओळ नवीन खेळाडूला सांगितली की दोघांतला फरक त्याला लगेच कळतो.

तिसरी पायरी: किंमत

मंत्रवाल्याला दिवसाचे ठरावीक मंत्र असतात, पातळीप्रमाणे मोजून. मनशक्तीसाठी बहुतेक वेळा एकच साठा ठेवतात, घरातल्या पाण्याच्या टाकीसारखा. 2004 च्या पद्धतीत पहिल्या पातळीच्या शक्तीला 1 गुण, दुसरीला 3, तिसरीला 5, असं चढत जाऊन नवव्या पातळीला 17 गुण लागायचे. लहान शक्तीत जास्त गुण ओतून ती मोठी करता यायची, पण एका वेळी पात्राच्या स्वतःच्या पातळीपेक्षा जास्त गुण ओतता यायचे नाहीत. ही शेवटची अट सोडू नका. ती सोडली की खेळाडू सगळी टाकी पहिल्याच लढाईत ओततो आणि मग “आता झोपू या” म्हणतो.

आताच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये हे सोपं झालंय. तिसऱ्या पातळीच्या मनयोद्ध्याला सहा बाजूंचे चार फासे मिळतात. शक्ती वापरायची तेव्हा त्यातला एक टाकायचा. ते संपले की विश्रांती घ्यायची. पहिल्यांदा खेळणाऱ्याला फासे हातात देता येतात, मोजता येतात आणि संपताना दिसतात, म्हणून सुरुवातीला मी हेच देतो.

किंमत फक्त आकड्यांचीच असावी असंही नाही. योगसूत्रात सिद्धींबद्दल आणखी एक गोष्ट आहे: बाहेर वळलेल्या मनाला त्या सिद्धी वाटतात, पण समाधीत त्या अडथळाच असतात. मी यावरून घरचा नियम केलाय. पात्राची साधना दहा घरांची. दर मोठ्या मुक्कामाला, शांत राहिलं तर, एक घर पुढे. स्वार्थासाठी दुसऱ्याच्या मनात शिरलं की एक घर मागे. दहावं घर गाठलं की काय होतं ते मी कुणालाच सांगत नाही. हा नियम लावल्यापासून बाजारातल्या भाजीवाल्याचं मन वाचून भाव पाडायचे प्रकार बंद झालेत.

चौथी पायरी: तोड

“मांत्रिक मला अडवू शकतो का?” चारही प्रश्नांत हा सगळ्यांत महत्त्वाचा. जादू उतरवायचा मंत्र मनशक्तीला लागू पडतो की नाही, हे खेळ सुरू व्हायच्या आधी ठरलं पाहिजे. 2004 च्या नियमांचं उत्तर होतं: पडतो. दोन्ही शक्ती एकमेकींना दिसतात, एकमेकींना तोडतात. दोन्ही पूर्ण वेगळ्या ठेवायची मुभाही होती, पण पर्याय म्हणून.

वेगळ्या ठेवायचा मोह होतो, कारण त्यात मनशक्ती खरोखर निराळी वाटते. पण काय होतं ते बघा. तुमच्या जगात शंभर मांत्रिक आहेत आणि मनकवडा एकच, तो म्हणजे खेळाडू. त्याला अडवणारं कुणीच नाही. राजवाड्याभोवतीचं मंत्रांचं कुंपण त्याच्यासाठी नसल्यासारखं. बाकीच्या खेळाडूंना दर दरवाजाशी घाम गाळावा लागतो आणि हा मधून चालत जातो. वेगळ्या ठेवायच्याच असतील तर जगात मनाला मनाने अडवणारे लोकही तितकेच ठेवा.

मी मधला रस्ता घेतो. मनशक्ती सुरू झालेली असेल तर जादू उतरवायचा मंत्र तिला तोडतो. पण ती सुरू होताना तोडायची असेल तर आधी ती दिसली पाहिजे आणि इथे दुसऱ्या पायरीतली खूण कामाला येते. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत समोरच्याचा मंत्र हवेतच तोडायचा जो मंत्र आहे, त्यालाही समोरचा मंत्र टाकताना डोळ्यांना दिसावा लागतो. मातीचा वास ओळखणारा मांत्रिक तोडू शकेल, न ओळखणारा बसून राहील.

आणि मंत्राशिवायची तोडही असू द्या. 2014 च्या नियमांत विचार ओळखायचा मंत्र 30 फुटांच्या पलीकडे लपलेलं मन शोधू शकत नाही. दोन फूट दगड, दोन इंच धातू किंवा शिशाचा पातळ पत्रासुद्धा त्याला अडवतो. मनशक्तीलाही मी हेच बांध लावतो. आपल्याकडे हे फार छान वापरता येतं, ते पुढे सांगतो.

पाचवी पायरी: जगात तिची जागा

डार्क सन नावाचं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं एक जग 1991 मध्ये आलं. तिथे मंत्र टाकणारा आजूबाजूच्या झाडांतला जीव ओढून घेतो, माती राख होते. पिढ्यान्पिढ्या असं होऊन सगळं जग वाळवंट झालंय. म्हणून लोक मांत्रिकाचा द्वेष करतात आणि मनशक्ती मात्र जवळपास प्रत्येकाकडे थोडीफार असते, कारण तिच्यासाठी जमिनीतून काही घ्यावं लागत नाही. ज्यांनी 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येताना पाहिलंय, त्यांना या जगाबद्दल जास्त सांगावं लागत नाही. शक्तीचा खण नियमाने कमी आणि लोक तिच्याकडे कसे बघतात यावरून जास्त ठरतो, हे मला या जगाने शिकवलं. तुमच्या गावात मनकवड्याला पाटील बोलावून घेतो की वेशीबाहेर ठेवतो? एवढं ठरवा, बाकी आपोआप सुचतं.

शब्दांची मात्र काळजी घ्या. मराठवाड्यात भानामती आणि करणी हे शब्द खेळातले नाहीत. त्यावरून बायका-माणसांना गावाने छळलंय आणि त्यासाठी 2013 मध्ये राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. म्हणून माझ्या टेबलावर हे दोन शब्द कुठल्याही शक्तीला वापरत नाहीत. मनशक्ती, मनकवडा, साधना हे शब्द पुरतात. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांना एकदा सोबत बसवून फासे दाखवा. माझ्या आजीने दोन तास ऐकलं आणि शेवटी विचारलं, “मग त्या धर्मशाळेवाल्याचं पुढं काय झालं?”

सहावी पायरी: कुठून सुरू करायचं

पैसे न घालता सुरू करता येतं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर खुले आहेत. त्यात मनशक्तीचे व्यवसाय नाहीत, पण विचार ओळखायचा आणि वस्तू हलवायचा मंत्र आहेत. तेवढे घेऊन वर सांगितलेली खूण आणि किंमत लावली की काम भागतं. पाथफाइंडरच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीचे नियमही इंटरनेटवर मोफत वाचता येतात. तिथली वाटणी मला सगळ्यांत स्वच्छ वाटते. मन, जड पदार्थ, आत्मा आणि जीव ही चार तत्त्वं. मन आणि पदार्थ मिळून पोथीची विद्या, पदार्थ आणि जीव मिळून निसर्गाची, जीव आणि आत्मा मिळून देवाची, आणि मन-आत्मा मिळून गूढविद्या. 2022 मध्ये आलेला तिथला सायकिक या गूढविद्येतच बसतो.

सातवी पायरी: सोबत्यांची मनं

ही पायरी छोटी आहे, पण खेळ मोडतो तो बहुतेक इथेच. एका खेळाडूने दुसऱ्या खेळाडूच्या पात्राचं मन वाचायचं किंवा ताब्यात घ्यायचं असेल तर आधी त्या माणसाला विचारायचं, पात्राला नाही. तो नको म्हणाला की विषय संपला. कारण विचारायचं नाही.

पहिल्या खेळाचा नमुना: देवगिरी

आता सगळं एकत्र वापरून बघा. दौलताबादचा किल्ला तुम्ही पाहिला असेल: तासून उभा केलेला कडा, खाली खंदक आणि वर जायला कड्याच्या पोटातून काढलेली अंधारी, वळणावळणांची वाट. त्यावरून एक गड उभा करा, नाव बदलून. पात्रांना वेढ्यात सापडलेल्या गडावर पोचून धान्य किती दिवस पुरेल याची बातमी राजाला द्यायची आहे.

अंधारीत शिरल्यावर मनकवडी पुढच्या पहारेकऱ्याचं मन शोधते. मध्ये दोन फुटांहून जाड दगड. काहीच लागत नाही. वळण घेईपर्यंत तीही सगळ्यांसारखीच आंधळी. वळणावर पहारेकरी दहा फुटांवर. ती एक फासा टाकते, त्याच्या नाकात मातीचा वास जातो आणि अंधारात कुणीतरी ओरडतं, “कोण हाय?” आता चोराची पाळी, मग योद्ध्याची.

कोठारापाशी पोचल्यावर खरी मजा आहे. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीचा वेढा पडला तेव्हाची एक गोष्ट सांगतात: गडावर घाईने चढवलेली पोती धान्याची म्हणून ठेवली आणि निघालं मीठ. मी तीच वापरली. धर्मशाळेच्या खुनात माझी चूक झाली होती, कारण माणसाच्या मनात जे दिसतं ते खरंच असतं असं मी धरून चाललो होतो. मनात दिसतं ते त्या माणसाला खरं वाटत असलेलं.

आमच्या मैत्रिणीने कोठाराच्या कारभाऱ्याचं मन वाचलं. शेवटचा फासा लावला. मी सांगितलं, “तो खोटं बोलत नाही. ज्वारी, तीनशे पोती, दोन महिने पुरेल. त्याला खात्री आहे.” तिने निश्वास टाकला आणि निघायला वळली. तेवढ्यात योद्ध्याचं पात्र खेळणारा, एरवी सगळ्यांत कमी बोलणारा पोरगा म्हणाला, “थांबा. मी एक पोतं फोडतो.” मी खिशातून जाड्या मिठाची पुडी काढली आणि सतरंजीवर ओतली.